मामांचे अटलांटिस

माझ्या धाकट्या मामांच्या घरी, बाहेरच्या खोलीतील लोखंडी कपाटामागे, पत्र्याची एक लांबट नळी उभी करून ठेवलेली असे. मामा पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म त्यांनी कालव्यांच्या रेघा ओढल्या. त्यामुळे त्या नळीत कुठल्यातरी धरणाचे किंवा वितरिकेचे नकाशे असावेत अशी घरातल्या सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात तीत एकच नकाशा होता आणि तो अटलांटिसचा होता.

ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईने काढलेला तो नकाशा मी प्रथम पाहिला तेव्हा सहावी-सातवीत असेन. मध्यभागी एक बेट, त्याभोवती पाण्याचे कडे, मग जमिनीचे, पुन्हा पाण्याचे, असे करीत शेवटी समुद्राकडे गेलेला लांब सरळ कालवा. खाली कोपऱ्यात सुबक अक्षरांत प्रमाण लिहिलेले : १ सेंटिमीटर = १ स्टेडियम. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचण्याचे ते वय. कॅप्टन निमोने समुद्राच्या तळाशी दाखवलेले भग्न नगर आणि मामांच्या कागदावरचे हे नगर एकच आहे हे कळल्यावर मला जो आनंद झाला होता, तसा नंतर इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकाने दिला नाही.

पुढे मी इतिहास घेऊन एम. ए. करू लागले आणि तो आनंद मला लाजिरवाणा वाटू लागला. १९९४ च्या दिवाळीत मामांकडे फराळाला गेले असता त्यांनी शेजारच्या कोणा मुलासाठी ती नळी उघडली. मी न राहवून म्हणाले, "मामा, हे सगळं प्लेटोनं रचलेलं आहे. याचा इतिहासाशी काही संबंध नाही. मुलांना खरं म्हणून कशाला सांगता?"

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "तू प्लेटो वाचलायस?"

"हो," मी म्हणाले.

मी वाचला नव्हता. एका ज्ञानकोशातील नोंद आणि अटलांटिसवाद्यांची टर उडवणारे एका पुस्तकातील प्रकरण, एवढ्याच भांडवलावर मी बोलत होते. मामा पुढे काहीच बोलले नाहीत. त्यांनी नकाशा गुंडाळला, नळीचे झाकण लावले आणि मामींना चकल्या आणायला सांगितल्या. त्यानंतर माझ्यासमोर ती नळी त्यांनी पुन्हा उघडली नाही. २००८ साली मामा गेले. "तुझ्याच विषयातलं काहीतरी आहे, तूच घेऊन जा," असे म्हणत मामींनी ती नळी, एक जाड वही आणि 'टिमेअस' व 'क्रिटिअस' या दोन संवादांची पेंग्विनची एक जीर्ण प्रत माझ्या हाती दिली. प्रत जवळजवळ पानोपानी पेन्सिलीने खुणावलेली होती. म्हणजे त्या दिवाळीत आम्हा दोघांपैकी प्लेटो वाचलेला माणूस एकच होता.

मग मी तो वाचला. त्याविषयी आणि त्या वहीविषयी थोडे लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

अटलांटिसची गोष्ट जगात एकाच ठिकाणी उगम पावते, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. इ. स. पू. ३६० च्या सुमारास प्लेटोने लिहिलेल्या या दोन संवादांच्या आधी तिचा कुठेही मागमूस नाही. होमर, हिरोडोटस, थ्युसिडिडीझ यांपैकी कोणालाही ती ठाऊक नाही. संवादात ती क्रिटिअस सांगतो. तो दहा वर्षांचा असताना नव्वदीला टेकलेल्या आजोबांकडून त्याने ती ऐकली. आजोबांनी आपल्या वडिलांकडून, त्यांनी सोलोनकडून आणि सोलोनने इजिप्तमधील सैस नगरीच्या पुजाऱ्यांकडून. त्या पुजाऱ्यांनी नऊ हजार वर्षांपूर्वीची हकिगत जपून ठेवली होती म्हणे. हेराक्लिसच्या स्तंभांपलीकडे, म्हणजे आजच्या जिब्राल्टरच्या बाहेर, लिबिया आणि आशिया मिळून होईल त्याहून मोठे एक बेट होते. तेथील राजांनी भूमध्य समुद्राकाठचे देश जिंकत आणले, एकट्या अथेन्सने त्यांना रोखले, आणि पुढे भूकंप व महापुराच्या एका भीषण दिवसरात्रीत ते बेट समुद्रात गेले. अथेन्सचे सैन्यही त्याच सुमारास भूमीने गिळले. बेटाच्या जागी इतका गाळ उरला की तो समुद्र नौकांना अगम्य झाला. (या 'गाळ' शब्दाखाली मामांनी दोन रेघा ओढल्या आहेत. पाटबंधाऱ्याचा माणूस!)

सांगोवांगीची ही लांबलचक साखळी आपल्याला परकी नाही. सूताने शौनकादी ऋषींना, वैशंपायनाने जनमेजयाला, अशा एकात एक बसवलेल्या कथनांवरच आपली पुराणे उभी आहेत. फरक एवढाच की आपल्याकडे अशी चौकट आली की ऐकणारा सावरून बसतो, हे पुराण आहे हे त्याला कळते. प्लेटो मात्र तीच चौकट साक्षीपुराव्यासारखी वापरतो. क्रिटिअस तर सांगतो की रात्रभर जागून मी एकेक तपशील आठवला आहे. आणि तपशील कसले, तर फूट आणि स्टेडियम. मधले बेट पाच स्टेडियम व्यासाचे. त्याभोवती पाण्याचे कडे एक स्टेडियम रुंद, मग जमीन व पाणी प्रत्येकी दोन, मग पुन्हा दोन्ही तीन-तीन. समुद्रापर्यंतचा कालवा पन्नास स्टेडियम लांब, तीनशे फूट रुंद, शंभर फूट खोल. बाहेरच्या तटाला काशाचा मुलामा, आतल्याला कथिलाचा, गाभ्याच्या तटाला अग्नीसारख्या झळकणाऱ्या ओरिकॅल्कम धातूचा. पोसायडनचे मंदिर बाहेरून चांदीने मढवलेले, कळस सोन्याचे, छत हस्तिदंती. ऊन आणि गार पाण्याचे झरे, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान, हत्ती, दहा हजार रथ, बाराशे नौका.

ज्या गोष्टीचे आकडे आहेत ती खरी असलीच पाहिजे, ही समजूत सरकारी कचेरीपासून विद्यापीठापर्यंत सर्वत्र आढळते. अटलांटिसच्या मोहिनीचा अर्धा भाग तरी या मोजमापांत आहे असे मला वाटते. कल्पनेतले स्वर्ग धूसर असतात. हे नगर आजच्या आज कागदावर काढता येते. सगळी कडी मिळून व्यास सत्तावीस स्टेडियम होतो, त्यात कालव्याचे पन्नास मिळवले की सत्त्याहत्तर. एका सेंटिमीटरला एक स्टेडियम हे प्रमाण मामांनी उगाच निवडले नव्हते. मोठ्या ट्रेसिंग कागदावर नगर आणि कालवा नेमके मावतात.

पण ही मोहिनी ज्या बाजूला वळली ती बाजू प्लेटोच्या मनात नव्हती. 'टिमेअस'च्या आरंभी सॉक्रेटिस म्हणतो की काल आपण आदर्श नगराचे चित्र रेखाटले, आता ते नगर हालताना, लढताना पाहावेसे वाटते. त्या मागणीचे उत्तर म्हणून क्रिटिअस ही गोष्ट सांगतो. आदर्श नगर म्हणजे नऊ हजार वर्षांपूर्वीचे अथेन्स : शेतीवर जगणारे, सोन्यारुप्याला न शिवणारे, वीस हजारांच्या आसपास रक्षक असलेले, आरमार नसलेले. अटलांटिस हा त्या कथेतला खलनायक. बेसुमार संपत्ती, अवाढव्य बांधकामे, आरमार, पुढे लोभ आणि मग शिक्षा. संवादातल्या चौघांत एक हर्मोक्रॅटिस आहे आणि बहुतेक अभ्यासक तो सिराक्यूझचाच सेनानी मानतात. इ. स. पू. ४१५ मध्ये अथेन्सचे बलाढ्य आरमार सिसिली जिंकायला निघाले आणि ४१३ मध्ये पार नष्ट झाले, त्या वेळी सिराक्यूझच्या बाजूने उभा राहिलेला हाच माणूस. प्लेटोच्या वाचकांनी मनात काय ताडले असेल याची कल्पना करावी. समुद्रावर राज्य करू पाहणारे आणि त्यापायी बुडालेले नगर त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. ते त्यांचे स्वतःचे होते.

हे सारे खरे, पण दोन हजार चारशे वर्षांत त्या सद्गुणी अथेन्सच्या शोधात कोणी पाणबुडी सोडलेली नाही. रामराज्याचे गोडवे गावेत आणि डोळे मात्र सोन्याच्या लंकेवर खिळावेत, तसेच काहीसे झाले. तत्त्वज्ञाने ज्याचा धिक्कार केला ते त्यानेच इतके देखणे रंगवले की वाचक त्याच्या प्रेमात पडला. कवींना आदर्श राज्यात जागा देताना हात आखडता घेणाऱ्या प्लेटोवर काळाने उगवलेला हा सूडच म्हणावा!

शंका पहिल्यापासून होती. ज्याने ते नगर निर्माण केले त्यानेच ते नाहीसेही केले, अशा अर्थाचा एक शेरा स्ट्रेबोने नोंदवला आहे आणि तो ॲरिस्टॉटलचा असावा असे मानतात. उलट प्लेटोचा पहिला भाष्यकार क्रँटोर ही हकिगत इतिहास म्हणून घेत असे, असे पाचव्या शतकातील प्रोक्लस सांगतो. म्हणजे माझे आणि मामांचे दिवाळीतले भांडण तेवीसशे वर्षे जुने होते.

अर्वाचीन काळातली मोठी लाट मात्र १८८२ ची. मिनेसोटातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलेल्या इग्नेशियस डॉनेली यांनी त्या वर्षी अटलांटिसवर ग्रंथ लिहिला आणि इजिप्तपासून मध्य अमेरिकेपर्यंतच्या सगळ्या संस्कृती त्या एका बुडालेल्या खंडातून निघाल्या असे प्रतिपादन केले. खुद्द ग्लॅडस्टनने त्यांना पत्र लिहिले. योगायोग असा की त्याच वर्षाच्या अखेरपर्यंत मादाम ब्लाव्हाट्स्की यांचे थिऑसॉफिकल सोसायटीचे बिऱ्हाड मुंबईत होते. १८७९ साली त्या आणि कर्नल ऑल्कॉट येथे उतरले, गिरगावात राहिले आणि १८८२ च्या डिसेंबरात मद्रासजवळ अड्यारला गेले. पुढे १८८८ च्या आपल्या ग्रंथात बाईंनी मानवजातीच्या 'मूळ वंशां'ची उतरंड मांडली, तीत अटलांटिसवासीयांना चौथे स्थान दिले. तेथून ही कथा गूढविद्येच्या हाती गेली ती गेलीच.

याच्या आधीचा एक नमुना अधिक गमतीचा आहे. स्वीडनमधील उप्साला येथील विद्वान ओलोफ रुडबेक यांनी १६७९ पासून अनेक खंडांत असे सिद्ध केले की अटलांटिस म्हणजे स्वीडन, आणि राजधानी अर्थातच उप्साला! गंमत येथे संपते, कारण याच वृत्तीचे पुढचे टोक १९३५ साली हिमलरने स्थापलेल्या आनेनएर्बे या संस्थेत दिसते; तिचा एक संस्थापक हेर्मान व्हिर्ट याचा अटलांटिक महासागरातल्या आद्य नॉर्डिक वंशावर गाढ विश्वास होता. ज्याला ज्याला अटलांटिस सापडले, त्याला तेथे आपलेच पूर्वज सापडले. आणि सोबत दुसऱ्यांच्या पूर्वजांचे श्रेय गेले : डॉनेलींच्या मांडणीत माया लोकांची मंदिरे ही मायांची राहत नाहीत. २०२२ साली नेटफ्लिक्सवर ग्रॅहम हँकॉक यांची मालिका आली तेव्हा अमेरिकेतील पुरातत्त्वज्ञांच्या संघटनेने जाहीर पत्र लिहून आक्षेप घेतला, तो याच मुद्द्यावर. मला १९९४ मध्ये हे नीट सांगता आले असते तर माझ्या बोलण्याला काही अर्थ तरी होता.

मामांच्या वहीत या मंडळींची कात्रणे आहेत, नाही असे नाही. खंबातच्या आखातात बुडालेले नगर सापडल्याची घोषणा २००१ मध्ये झाली, तिची तर पाच-सहा कात्रणे आहेत. समुद्रतळावरून उपसलेल्या लाकडाच्या एका तुकड्याचे वय साडेनऊ हजार वर्षे निघाले होते. लाकूड जुने असेल. पण इतक्या जोरकस प्रवाहाच्या आखातात उपसून काढलेली वस्तू मुळात कुठली आणि कोणत्या थरातली हे ठरवायचे कसे, असा प्रश्न पुरातत्त्वज्ञांनी लगेच विचारला होता. द्वारकेची गोष्ट निराळी. तेथे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी १९८० च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली पद्धतशीर काम केले. दगडी नांगर आणि बांधकामाचे अवशेष मिळाले, त्यांच्या काळाबद्दल मात्र मतभेद राहिले. मौसलपर्वातल्या बुडत्या द्वारकेचे वर्णन लहानपणी ऐकलेल्या माणसाला अटलांटिस चटकन आपले वाटते यात नवल नाही. पण द्वारकेवर समुद्र चालून येतो तो कृष्ण गेल्यानंतर. तेथे शोक आहे. प्लेटोकडे निवाडा आहे.

आता, या कथेमागे काहीच घडलेले नाही का? येथे मी पूर्वीइतकी ताठ राहिलेली नाही. ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनाटोस यांनी १९३९ मध्ये मांडले की थेरा, म्हणजे आजचे सँटोरिनी, या बेटावरील ज्वालामुखीच्या स्फोटाने क्रीटची मिनोअन संस्कृती कोसळली असावी. १९६७ मध्ये त्यांनी तेथेच अक्रोतिरीला खणायला सुरुवात केली आणि राखेखालून दुमजली-तिमजली घरे, साठवणीचे रांजण, भिंतीवरच्या नौका, निळी माकडे वर आली. पाँपेईसारखे राखेत अडकलेले देह त्या घरांत नव्हते. लोक वेळेत बाहेर पडले होते. १९७४ साली त्याच उत्खननाच्या जागी पडून मारिनाटोस यांचा मृत्यू झाला. तो स्फोट इ. स. पू. १६०० च्या आसपासचा. मग अटलांटिस म्हणजे थेरा, असे कित्येकांनी म्हटले. नऊ हजार वर्षांतले एक शून्य गाळा, नऊशे करा, की जमते. पण मग बेट स्तंभांच्या आत येते, आकार शेकडो पटींनी लहान होतो, शिवाय क्रीटमधले राजवाडे त्या स्फोटानंतर शंभराहून अधिक वर्षे नांदत होते हेही आता कळले आहे. इतके सगळे बदलायचे तर उरले काय?

मला अधिक पटते ती हेलिकीची हकिगत. कोरिंथच्या आखाताकाठचे हे नगर पोसायडनच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध होते. इ. स. पू. ३७३ च्या हिवाळ्यात एका रात्री भूकंप झाला, समुद्र आत आला आणि सकाळी नगर नव्हते. प्लेटो तेव्हा पंचावन्नच्या आसपास होता आणि हेलिकी अथेन्सपासून काही फार दूर नाही. पुढे शेदीडशे वर्षांनी एराटॉस्थेनिस तेथे गेला, तेव्हा नावाड्यांनी त्याला सांगितले की पाण्याखाली पोसायडनची ब्राँझची मूर्ती अजून उभी आहे आणि कोळ्यांची जाळी तिच्यात अडकतात. ही जाळ्यांची तक्रार मला सगळ्या ओरिकॅल्कमपेक्षा मौल्यवान वाटते. शतकानुशतके लोकांनी हेलिकी समुद्रात शोधली. ती २००१ मध्ये सापडली ती किनाऱ्यापासून आत, शेतांखाली, नद्यांनी आणून टाकलेल्या गाळात. मामा तेव्हा हयात होते. त्यांना हे कळले होते की नाही, वहीत उल्लेख नाही. मी सांगायला हवे होते. पण त्या विषयावर आम्ही बोलतच नव्हतो.

वहीच्या मध्यावर चार पाने नुसत्या आकडेमोडीची आहेत. क्रिटिअस सांगतो की नगरामागे तीन हजार बाय दोन हजार स्टेडियमचे मैदान होते आणि त्याभोवती दहा हजार स्टेडियम लांब, एक स्टेडियम रुंद व शंभर फूट खोल असा चर खणला होता. मामांनी त्याचे मीटर केले. लांबी साधारण १,८५० किलोमीटर, रुंदी १८५ मीटर, खोली ३० मीटर. खोदाई हजार कोटी घनमीटरांच्या वर. पुढे त्यांनी ते टीएमसीत बदलले, आणि खात्यातल्या माणसाला सुचेल तीच तुलना केली : कोयनेचे १०५ टीएमसी धरले तर त्याच्या सुमारे साडेतीन पट माती, कुदळ-फावड्याने. त्याखाली लाल शाईत एक ओळ आहे : "शक्य नाही. प्लेटोलाही माहीत आहे." आणि पेंग्विनचा पृष्ठांक. मी तो उघडला. तेथे क्रिटिअस खरोखरच म्हणतो की माणसाच्या हातून एवढे काम झाले असेल यावर विश्वास बसत नाही, पण ऐकले तसे सांगणे भाग आहे. त्या पानावरची तारीख १९८७ ची आहे. मी त्यांना शहाणपण शिकवले त्याच्या सात वर्षे आधीची.

मग ते मुलांना नकाशा का दाखवत होते? "खरं म्हणून कशाला सांगता" असे मी म्हणाले खरे. आता आठवू पाहते तर मामांनी 'खरे' हा शब्द कधी वापरल्याचे मला आठवत नाही. ते 'इथून पाणी आत यायचे, इथे नावा थांबायच्या' असे सांगत. कालवा समजावून देणारा माणूस जसे सांगेल तसे.

'क्रिटिअस' अपुरा आहे. अटलांटिसचे राजे मातले, झ्यूसने सर्व देवांना बोलावले आणि तो बोलू लागला, एवढ्यावर वाक्य अर्धेच थांबते. ना युद्ध, ना प्रलय. प्लेटो कंटाळला, की दुसऱ्या कामाला लागला, की मजकूर हरवला, यावर पुष्कळ शाई सांडली आहे. मला वाटते प्लेटोच्या लक्षात आले असावे की आपले मन भलत्याच नगरात रमले आहे. नगराच्या वर्णनाला पानेच्या पाने आणि अथेन्सला जेमतेम दोन-चार. अर्थात हे वाटणे झाले, पुरावा काही नाही.

नळीतला नकाशा मी गेल्या वर्षी चौकट करून घ्यायला काढला तेव्हा त्याच्या आत गुंडाळलेला दुसरा, पातळ कागद बाहेर आला. पेन्सिलीचे काम, शाई फिरवलेली नाही. आधी ओळखू येईना. मग कोपऱ्यातली नावे वाचली : एरिडानस, इलिसस, प्निक्स, लिकाबेट्टस. 'क्रिटिअस'मधले जुने अथेन्स होते ते. जमीन झिजून आजाऱ्याच्या हाडांसारखी उघडी पडण्याआधीचे, मातीने भरलेल्या टेकड्यांचे. उतारावर कारागिरांची व शेतकऱ्यांची घरे फिक्या ठिपक्यांनी दाखवली होती, माथ्यावर रक्षकांच्या वस्तीला एकच कुंपण. पुढे भूकंपात बुजलेला एकुलता झरा जेथे होता तेथे एक लहान वर्तुळ. त्याच्या शेजारी मोजमाप लिहिण्यासाठी मामांनी बाणाची रेघ ओढली होती आणि जागा मोकळी सोडली होती. प्लेटोने ते दिलेले नाही.